डोळे आले त्या वर्षी

"गजानना, हिला सांग, डोळा अजून ओला आहे," अण्णा म्हणाले.

गजानन शेजारच्या पाटावर बसला होता. त्याला सोंड होती, मुकुट होता, पितांबरही रंगवून झालं होतं, पण डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग होता. त्यामुळे तो कुणाच्या बाजूचा आहे हे कळायला मार्ग नव्हता. अण्णा, म्हणजे माझे सासरे, मान मागे टाकून स्टुलावर बसले होते आणि त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी औषधाची बाटली उलटी धरून त्यांच्या डोक्याशी उभी होते.

"ओलाच असणार," मी म्हटलं. "डोळा आहे तो."

"हिला म्हणावं, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाहीत. ओल्यावर ओलं दिलं की पापुद्रा निघतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी घातलेला थेंब वाळायची अण्णा वाट बघत होते. दर दोन-तीन तासांनी थेंब घाला असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि इथं दुपार झाली तरी सकाळचा एकच थेंब पडलेला होता. मी बाटली घेऊन आले की अण्णा खालच्या पापणीला बोट लावायचे, बोट ओलं लागलं की मान हलवायचे आणि मी परत जायची. आयुष्यभर रंगाचे हात देण्यात गेलेला माणूस, औषधालाही रंगाचाच न्याय लावून बसला होता.

आमच्या अण्णांचा आणखी एक नेम होता. ते सुनेशी थेट बोलत नसत. राग होता असं अजिबात नाही. त्यांचे वडील त्यांच्या आईशीही दुसऱ्या कुणामार्फतच बोलायचे म्हणे, तेव्हा अण्णांनी त्यात बरीच प्रगती केली होती असंच म्हणायचं. मी समोर चहाचा कप घेऊन उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, साखर कमी." सासूबाई नसल्या तर दिगंबरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगायचे. तोही नसला तर गजाननाला. गजानन मात्र आमच्याकडे कधीच कमी पडत नसत. पेणच्या बाजूला आमचं गाव, घरामागच्या लांबलचक पडवीत आमचा शाडूच्या गणपतींचा कारखाना, आणि श्रावणात तर पाय ठेवायला जागा उरायची नाही इतके गजानन.

मी बाटली सरळ केली आणि गजाननालाच धरलं. "गजानना, अण्णांना सांग, हा रंगाचा हात नव्हे. ही धुलाई आहे. साचा धुताना पहिलं पाणी वाळायची वाट बघत बसतो का आपण?"

अण्णांनी पापणीला पुन्हा एकदा बोट लावून बघितलं.

"हिला म्हणावं," शेवटी अण्णा म्हणाले, "मग तसं आधी सांगायचं."

आणि त्यांनी डोळा उघडला. लाल, सुजलेला, कडांना पिवळी घाण धरलेला डोळा. मी म्हटलं, "वर बघा." त्यांनी वर बघितलं. वर मीच होते. सुनेचं तोंड इतक्या जवळून बघायचा प्रसंग त्यांच्यावर आजवर आलेला नव्हता, त्यामुळे डोळा लगेच मिटला आणि थेंब कानात गेला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा माझं लग्न होऊन चार-पाच महिनेच झाले होते. घरात माझा हुद्दा असा होता की मला उंदीर दिले होते. गणपतीच्या पायाशी बसणारा उंदीर रंगवायचा, त्याला डोळ्याच्या जागी काळा ठिपका द्यायचा आणि वाळत ठेवायचा. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंग रंगवणं हे दिगंबर आणि कारागीर करायचे. दागिने सासूबाईंचे. आणि गणपतीच्या डोळ्यांची आखणी फक्त अण्णांची. त्या ब्रशला दिगंबरसुद्धा हात लावत नसे. सगळे गणपती तयार व्हायचे, रांगेनं बसायचे आणि शेवटचे पंधरा दिवस अण्णा एकेकासमोर मांडी घालून बसत आणि डोळे आखत. लोक लांबलांबून आमच्याकडे येत ते त्या डोळ्यांसाठी.

आणि नेमके त्याच पंधरवड्यात अण्णांचे डोळे आले.

कुणामुळे आले हे शोधून काढायला पोलीस बोलवायची गरज नव्हती. मी पहिल्या वर्षीच्या मंगळागौरीसाठी माहेरी गेले होते. तिथं फुगड्या घातल्या, झिम्मा खेळले, आणि एकूण एक मुलीचे डोळे आलेले होते. मीही ते घेऊनच सासरी परतले. मला डॉक्टरांनी थेंब दिले, मी ते सांगितले तसे घातले आणि बरी झाले. पण तोवर आमच्या घरातला एकुलता एक पंचा आपलं काम करून गेला होता. आधी सासूबाई, मग दिगंबर, मग एकामागून एक कारागीर. कारखान्यात हात पुसायचं एक फडकं होतं, ते सगळ्यांचं मिळून एक. डॉक्टर उपासनी घरी आले तेव्हा त्यांनी ते फडकं काठीनं उचललं आणि चुलीत टाकलं.

"प्रत्येकाचा पंचा वेगळा, साबणानं हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट नाही," ते म्हणाले. "आणि बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. वरून थेंब सोडायचा. खालची पापणी जरा ओढली की खोबण होते, त्यात. निजताना हे मलम. तेही त्याच खोबणीत, बारीक रेघ काढायची नाकाकडून कानाकडे."

बाकीचे बरे होत आले आणि अण्णांचे आले. त्यांचे आले ते साधे आले नाहीत, सकाळी पापण्या अशा चिकटायच्या की कोमट पाण्यानं पुसल्याशिवाय उघडायच्या नाहीत. पहिल्या दिवशी औषध घालायला दिगंबर बसला. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायची, आता नावानं हाक मारते. मूर्ती उचलताना त्याचा हात दगडासारखा स्थिर असतो, पण बापाच्या डोळ्यासमोर आल्यावर तो असा थरथरायला लागला की थेंब मिशीत पडले आणि मलम कानापर्यंत माखलं. सासूबाईंनी मध घालायचा ठरवला होता, तो मी जेमतेम अडवला. मग उरले कोण, तर मी.

त्या दुपारी कानात गेलेला थेंब सोडून दिला आणि दुसरा नीट घातला. त्यानंतर आमचं बरं जमलं. मी "वर बघा" म्हणायची, अण्णा माझ्या कपाळाच्याही वर, आढ्याकडे नजर लावायचे, थेंब पडायचा आणि ते डोळे मिटून बसायचे. रात्रीची जेवणं झाली की मलम. मी हात धुऊन यायची, एका बोटानं पापणी ओढायची आणि रेघ काढायची. ते काही बोलायचे नाहीत, मीही नाही. गजानन तर नव्हतेच बोलत.

पण दारात बनूमावशी होत्या.

बनूमावशी म्हणजे सासूबाईंची मावसबहीण. शेजारीच घर, त्यामुळे दिवसातून दोनदा चक्कर. डोळे आलेल्यांकडे बघितलं की आपलेही येतात अशी त्यांची खात्री असल्यानं त्या पदर डोळ्यांवर ओढून उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या आणि तिथून बोलायच्या. डोळे झाकलेले असले तरी तोंडाचा पट्टा मोकळाच होता.

"किती राहिलेत गं आखायचे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"सगळेच," सासूबाई म्हणाल्या.

"अगो बाई. आणि चतुर्थी तोंडावर. मी कुणाचं नाव घेत नाही हो, पण इतक्या वर्षांत भावोजींचा ब्रश कधी थांबला नव्हता. नवी सून घरात आली आणि डोळे आले. पायगुण म्हणतात तो दुसरा काय असतो?"

मी आत उंदीर रंगवत होते. हातातल्या उंदराला मी डोळ्यांऐवजी नाकावर ठिपका दिला. मला राग आला आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण सासूबाई यावर काहीच बोलल्या नव्हत्या. असं एखादं बोलणं गावात एकदा चिकटलं की मग जन्मभर निघत नाही. पुढे गाय आटली तरी मी, विहिरीला पाणी कमी आलं तरी मी. चतुर्थीपर्यंत गणपतींना डोळे आखून झाले नाहीत तर या घरात मला काय म्हणून ओळखणार हे माझ्यापुरतं तरी स्पष्ट होतं. त्या दिवसापासून मी अण्णांची औषधाची वेळ एकदाही चुकू दिली नाही. त्यात सेवाभाव किती आणि स्वतःचा जीव किती, ते नका विचारू.

औषधानं गुण आला. तिसऱ्या दिवशी चिकटणं थांबलं, लाली उतरली. मी सकाळी बाटली घेऊन गेले तर स्टूल रिकामं. अण्णा कारखान्यात ब्रश घेऊन बसलेले.

"अण्णा, थेंब."

"गजानना, हिला सांग, काम झालं. काम झालं की ब्रश धुऊन फळीवर ठेवतात."

"पण डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटलं तरी आठवडाभर थांबवायचं नाही."

"डॉक्टरांना म्हणावं, त्यांच्याकडे रांगेत इतके जण बसलेत का?"

सगळ्या घराला इतका आनंद झाला होता की सासूबाईंनी गूळपोळ्यांचा घाट घातला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. बाटली आणि मलम मी फळीवर ठेवून दिलं आणि उंदरांकडे गेले.

संध्याकाळपर्यंत अण्णांनी एक अख्खी रांग आखली. मग त्यांनी हाक मारली. कारागीर आले, दिगंबर आला, सासूबाई पिठाचे हात पुसत आल्या, मी सगळ्यांच्या मागे.

"बघा कसे झालेत," अण्णा म्हणाले.

"एक नंबर," कारागीर म्हणाले.

"छानच," दिगंबर म्हणाला. सासूबाईंनी तर हात जोडले.

मी दिगंबरच्या खांद्यावरून बघितलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. रांगेतले सगळेच्या सगळे गणपती वर बघत होते. आढ्याकडे. बुबुळं वरच्या पापणीत गेलेली, खाली पांढरा भाग मोकळा. अण्णांच्या वरच्या पापण्यांची सूज पुरती उतरलेली नव्हती, त्यामुळे मान मागे टाकून, पापणीखालच्या फटीतून बघत त्यांनी दिवसभर काम केलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सांगायची कुणाची छाती नव्हती.

"गजानना, हिला काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"विचार तिला."

सासूबाईंनी डोळे वटारले. पण आता हसून बसले होते, लपवणार काय? "सगळे वर बघताहेत, अण्णा," मी म्हटलं. "कुणीतरी थेंब घालणार आहे म्हणून बसल्यासारखे."

अण्णांनी पुढचा गणपती उचलला, दाराशी उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. त्यांना नीट दिसतच नव्हतं हे तेव्हा आम्हाला कळलं. "दिगू, खरं सांग," ते म्हणाले. दिगंबर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. अण्णांनी गणपती होता तिथं ठेवला आणि ते न जेवता निजायला गेले. गूळपोळ्या कुणालाच गेल्या नाहीत. आपण हसायला नको होतं असं मला राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे पहिल्याहून जास्त चिकटले.

डॉक्टर उपासनी आले, बॅटरीनं डोळे बघितले आणि म्हणाले, "थेंब कधी थांबवलेत?"

"बरं वाटलं तेव्हा," अण्णा म्हणाले.

"बरं वाटणं आणि बरं होणं यांत फरक आहे, अण्णा. जंतू अर्धे मेले होते, उरलेल्यांना तुम्ही सुट्टी दिलीत. आता नवी बाटली, नवं मलम, आणि मलम दिवसाही घालायचं. त्यानं नजर धूसर होईल, ती होऊ दे. मी सांगेपर्यंत ब्रश धरायचा नाही. धरलात तर काळ्या बुबुळाला जखम होऊन बसेल, मग पुढची वर्षंही विसरा."

"चतुर्थी?"

"गणपती तुम्हाला समजून घेईल. मी नाही घेणार," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

झालं. आता दिवस इतके थोडे राहिले होते की दिगंबरनं दुसऱ्या कारखान्यांत आखणी करणाऱ्यांकडे चौकशी केली. पण ज्याला त्याला आपलंच काम पुरत नव्हतं, आमच्याकडे येणार कोण? संध्याकाळी बनूमावशी आल्या. पदर डोळ्यांवर.

"आमच्या गणपतीला डोळे नसले तर मी घरी नेऊ कसा गं?" त्या सासूबाईंना म्हणाल्या. "सोवळ्यातलं काम आमचं. आणि ऐकते ते खरं का? भावोजींना ती सर्वांदेखत हसली?"

सासूबाई वाईट नव्हत्या. पण नवऱ्याचे डोळे, घरचं नाव आणि बहिणीचं तोंड या तिन्हींपुढे त्यांचा धीर सुटला. त्या माझ्याजवळ आल्या, शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वृंदा, उद्या दुपारच्या एस.टी.नं चार दिवस माहेरी जाऊन ये. चतुर्थी झाली की ये. मनात काही आणू नकोस हो."

माझ्या मनात काय आलं ते मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? आईला काय सांगू, सणासुदीला सासरहून परत कशी आले? मी उंदरांच्या राशीत बसून खूप रडले. सासूबाईंनी वेगळा करून दिलेला माझा पंचा होता, त्यालाच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. निघण्याआधी दुपारचं मलम घालायचं होतं, ते तेवढं घालून जावं म्हणून मी कारखान्यात गेले. अण्णा हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसले होते. समोर सगळे पांढऱ्या डोळ्यांचे गणपती. मी हात धुतले, पापणी ओढली, रेघ काढली. दुसऱ्या डोळ्यातही काढली. ट्यूबचं झाकण लावलं.

"गजानना," अण्णा डोळे मिटून म्हणाले, "ही कुठं निघाली?"

"माहेरी," मी म्हटलं.

"कुणी पाठवलं?"

मी ट्यूब फळीवर ठेवली.

"गजानना, मग संध्याकाळी मलम कोण घालणार? दिगू घालेल. त्या दिवशी त्यानं घातलं ते मी कानातून काढत होतो." ते जरा थांबले. मग म्हणाले, "वृंदा."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं सासूबाई आल्या असतील आणि ते त्यांना माझ्याबद्दल काही सांगत असतील. मागे कुणीच नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"वृंदा, तो बारीक ब्रश घे. फळीवरचा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

"अण्णा, मी उंदीर करते. मला डोळे येत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते आणि मलमानं पापण्या चकाकत होत्या. "गेले इतके दिवस तू माझ्या डोळ्यात रेघ काढतेस. नाकाकडून सुरू करतेस आणि कानाकडे नेऊन सोडतेस. मध्ये थांबत नाहीस. रेघ कुठं जाड होत नाही, कुठं तुटत नाही आणि टोक डोळ्याला टेकत नाही. मी लोकांचे हात डोळ्यांनी बघून पारखले. तुझा मला डोळ्याच्या आतून कळला. चाळीस वर्षं मी खालच्या पापणीची रेघ काढतोय, मला नाही कळणार?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आणि त्या दिवशी रांग वर बघतेय हे तू सोडून कुणी सांगितलं मला?" ते म्हणाले. "दिगूला दिसलं होतं. पोरानं तोंड उघडलं नाही. आखणीला हात लागतो तसा असा डोळाही लागतो. घे ब्रश. मला मलम घालतेस तसंच घाल. ओढायला पापणी नाही एवढंच."

मी मांडी घालून पहिल्या गणपतीसमोर बसले. एका हातानं त्याची हनुवटी धरावी तशी सोंडेची बाजू धरली, ब्रश काळ्या रंगात बुडवून टोक केलं आणि सवयीनं म्हणाले, "वर बघा."

"अगं, त्याला समोर बघायला सांग," अण्णा म्हणाले. तेव्हा ते हसले. हसताना डोळ्यांतून मलम ओघळलं आणि ते मला पुन्हा घालावं लागलं.

पहिला गणपती आखायला मला इतका वेळ लागला की दुपारची एस.टी. गेली. वरची रेघ, खालची रेघ, मग बुबुळ, मग बुबुळात पांढरा कण. अण्णांना धूसर दिसत होतं, म्हणून ते मलाच विचारायचे.

"कुठं बघतोय?"

"जरासा डावीकडे."

"मग डाव्या बुबुळाला बाहेरून केसभर आत सरकव. आता?"

"माझ्याकडे बघतोय."

"तू जरा बाजूला हो. आता?"

"माझ्याकडेच."

"मग पुढचा घे."

त्या संध्याकाळी सासूबाई पिशवी का पडली आहे ते बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, "हिला सांगू नकोस काही. तिचं काम चाललंय." सासूबाईंनी माझी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली आणि माझ्यासाठी चहा आणला. त्यानंतर चतुर्थीपर्यंत त्यांनी मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. ब्रशचा हात पोळायला नको म्हणाल्या.

आमचा दिवस असा जायचा. मी काही गणपती आखायची, उठायची, साबणानं हात धुवायची, अण्णांना थेंब घालायची, मलमाची रेघ काढायची, पुन्हा हात धुवायची आणि पुढच्या गणपतीसमोर बसायची. थेंब वाळायची वाट आता कुणी बघत नव्हतं. आढ्याकडे बघणाऱ्या रांगेला मी आधी पांढरा रंग दिला. तो वाळायची वाट मात्र बघितली. दिगंबर पाट सरकवून द्यायचा. एकदा तो जवळ येऊन म्हणाला, "तुला हे येतं हे मला कसं माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "तुमचे डोळे आले तेव्हा तुम्ही स्वतःच मलम घालून घेतलंत."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत शेवटच्या गणपतीला मी पांढरा कण दिला आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. पाठ मोडून गेली होती. अण्णांचे डोळे तोवर निवळले होते, पण डॉक्टरांनी औषध थांबवलेलं नव्हतं, त्यामुळे ते दिगंबरचा काळा चष्मा लावून पडवीच्या तोंडाशी बसले होते आणि गिऱ्हाइकांना गणपती देत होते. सगळे बघत, हात जोडत, उचलून नेत. कुणी काही विचारलं नाही. अण्णांनीही कुणाला काही सांगितलं नाही.

मग बनूमावशी आल्या. ताम्हण, अक्षता, डोक्यावरून पदर. आज मात्र पदर डोळ्यांवर नव्हता. त्यांनी आपला गणपती बघितला, वाकून बघितला, एका बाजूनं बघितला, दुसऱ्या बाजूनं बघितला. मी भिंतीशी अंग चोरून बसले होते.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "यंदाची आखणी काही निराळी वाटते. तुम्ही तर चष्मा लावून बसलेले. डोळे आखले कुणी?"

सासूबाई दागिन्यांचा डबा आवरायला लागल्या. दिगंबरनं माझ्याकडे बघितलं. अण्णांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला.

"बनू," ते म्हणाले, "मी दाराआड पडल्या पडल्या तुझं सगळं ऐकत होतो. हिच्या पायगुणानं डोळे आले असं म्हणालीस ना?"

"मी आपलं सहज," बनूमावशी म्हणाल्या.

"सहज नव्हे, खरंच बोललीस. हिच्याच पायगुणानं आले. बघ की, कारखान्यात एकाही गजाननाचे यायचे राहिले नाहीत."